पाद्रीबाबांच्या दारातली पालखी

बाबा बैलालाही 'आपण' म्हणायचे. रस्त्यात कुणाचा बैल फतकल मारून बसला, की छत्री मिटून ते त्याच्या समोर उभे राहत आणि म्हणत, "आपण कृपा करून उठावे. मागे माणसे खोळंबली आहेत." बैल अर्थातच उठायचा नाही. गाडीवान हसत राहायचा. मग बाबा आमच्याकडे वळून म्हणायचे, "त्यांचीही काही अडचण असेल. आपण थांबू. घाई कोणाची आहे? माझी, की देवाची?"

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. लाँच चुकली, भात कच्चा राहिला, रविवारच्या प्रार्थनेला चारच माणसं आली, तरी हेच. गावात पोरांनी ते उचललं होतं. शाळेत उशीर झाला की पोरं मास्तरांना म्हणायची, "घाई कोणाची आहे, गुरुजी?" आणि छडी खायची.

ते गोरे होते, पण इंग्रज नव्हते. त्यांचा देश आणखी वर, जिथं अर्धं वर्ष बर्फ असतं. तिथल्या मिशननं त्यांना आणि बाईंना तरुणपणी इकडं धाडलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोघंही म्हातारी झाली होती. गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणायचं आणि बाईंना मडमआय. थळ गावाच्या खाली, माडांच्या मागं, समुद्राकडं तोंड केलेला त्यांचा कौलारू बंगला होता. बंगला म्हणजे तीन खोल्या आणि एक मोठी पडवी. बाजूला प्रार्थनेची खोली, तिच्यावर एक लाकडी क्रूस. वारा सुटला की तो क्रूस किरकिरायचा.

मी नगरकडचा. मराठी तिसरी झाली आणि वडील गेले, तिथं शाळा संपली. आमच्या आजोबांनी धर्म बदलला होता, म्हणून नगरच्या मिशनच्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं. पुढं लग्न झालं, बायको बाळंतपणात गेली, आणि मला त्या गावात राहवेना. कुणीतरी सांगितलं, समुद्राकाठी एक म्हातारं जोडपं आहे, त्यांना स्वयंपाकाला माणूस पाहिजे. निघालो. समुद्र त्याआधी कधी बघितला नव्हता. रेवसच्या धक्क्याकडून येताना एकाला विचारलं, "पलीकडचा काठ दिसत नाही, पूर आलाय का?" तो माणूस इतका हसला, की मी पुढं बरेच दिवस कुणाला काही विचारलंच नाही.

मी तसा भित्रा माणूस. आजही दारावर थाप पडली, की आधी माझं काय चुकलं ते आठवायला लागतो. पहिल्या दिवशी त्या घरात मी असाच दबकून उभा होतो. बाईंनी मला बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?" दुसरा प्रश्न नाही. नाव नाही, गाव नाही, चिठ्ठी नाही. जेवणाच्या मेजावर त्यांनी तिसरी थाळी मांडली. मी बसेना. साहेबाच्या मेजावर कसं बसायचं? मी बसेना म्हणून बाबाही बसेनात. हात जोडून उभे. आमटी गार झाली. बाई एकट्याच जेवत होत्या आणि म्हणत होत्या, "उबे र्‍हावा दोगं. मी सगला मासा खातंय." शेवटी तह झाला तो असा, की मी ताट घेऊन उंबर्‍यावर बसायचं. मी बसलो, तेव्हा बाबांनी आपली खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड केलं आणि मगच घास घेतला. पुढं जितकी वर्षं मी तिथं होतो, तितकी वर्षं ती खुर्ची उंबर्‍याकडेच तोंड करून राहिली.

त्या दोघांच्या मराठीबद्दल सांगायला हवं. बाबा मराठी शिकले ते पुण्याच्या एका शास्त्रीबोवांकडून, पोथ्या वाचून. बाई शिकल्या त्या दारावर येणार्‍या कोळणींकडून, त्यांच्यासारखाच 'ड'-'ढ'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करत. त्यामुळं एकाच घरात दोन टोकांच्या मराठी नांदत होत्या. आपसात ती दोघं त्यांच्या देशाची भाषा बोलत, हळू, गुणगुणल्यासारखी. पण भांडण आलं की दोघंही मराठीत शिरत.

"या कालवणात लवण अंमळ अधिक झाले आहे, असे आपणास वाटत नाही काय?"

"मंग खाव नको. मी का तुला हात धरून भरवतंय?"

"मी केवळ निरीक्षण नोंदविले."

"निरीक्शन तुज्या टोपीत घाल."

मी बाईंना एकदा विचारलं, की भांडताना तुम्ही आपली भाषा का सोडता? त्या माशाचे खवले काढत होत्या. म्हणाल्या, "लग्नाचे दिशी माज्या बापानं दोगांना सांगितलां, ज्या भाषेत देवाशी बोलता, तिच्यात वाकरां बोलायचां न्हाय. आमी सबूद दिला. मंग पयली वर्सां लय कठीन गेली बग. मनातल्या मनात फुगून बसावं लागं. इकरं आलो नि भांरायला भाषा भेटली." आणि त्या मनापासून हसल्या.

गावाला ही करमणूक माहीत होती. कुंपणाच्या दगडांवर संध्याकाळी बायका टेकायच्या, त्या नुसत्या वार्‍याला नव्हेत.

त्यांचा दिवस साधा असायचा. पहाटे दोघं पडवीत बसून प्रार्थना करत, मग मीठ घातलेली पेज पीत. त्यानंतर बाई पडवीतच औषधं मांडायच्या. खरजेचं मलम, तापाची कडू पुडी, डोळ्यांत घालायचे थेंब. माणसं ओळीनं बसायची आणि बाई एकेकाला शिव्या देत औषध द्यायच्या. बाबा डोक्यावर लोखंडी घमेलं घालून बाहेर पडायचे. एकदा वाडीत नारळ त्यांच्या खांद्याच्या बाजूनं पडला होता, तेव्हापासून माडांखालून जाताना घमेलं, आणि माड संपले की ते काखेत मारून टोपी. ओहोटीच्या वेळी ते वाळूवर दूरपर्यंत चालत जात आणि तिथं उभं राहून मोठ्यानं शास्त्र वाचत. ऐकायला खेकडे. मी म्हटलं, "बाबा, तिथं कोण आहे?" तर म्हणाले, "ज्यांना ऐकायचे नाही त्यांच्या दारात वाचणे हा उपद्रव आहे. इथे कोणाला त्रास नाही."

अशा पद्धतीनं कोण ख्रिस्ती होणार? इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी माणसं झाली, आणि त्यातली दोन मुंबईला गिरणीत निघून गेली.

आणि पाणी. आमच्या आवारातल्या विहिरीचं पाणी होळीच्या सुमारास खारट व्हायला लागायचं. गोडं पाणी गावच्या विहिरीचं. तिथं मला जाता येत नव्हतं. आजोबांनी धर्म बदलला होता खरा, पण विहिरीला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझं प्यायचं पाणी कसं यायचं? बाबा आणायचे. हा सहा फुटांचा म्हातारा, खांद्यावर घागर, दुसर्‍या हातात छत्री. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "बाबा, बायको गेली का काय तुजी, पानी भरतंस?" बाबा टोपी काढून म्हणायचे, "त्या सुखरूप आहेत. आमच्या घरात एक तहानलेले गृहस्थ आहेत."

मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. मी विनवायचो, "बाबा, मी खारट पीन." ते ऐकायचे नाहीत. वाटायचं, एखाद्या दिवशी गाव रागावेल, आणि ते साहेबावर नाही, माझ्यावर रागावेल.

त्या दोघांना मात्र गावाची भीती नव्हती. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. माघारी बोलावण्याची. मिशनचे मोठे साहेब दर वर्षी पावसाळ्याआधी मुंबईहून येत, कामाची पाहणी करत, आणि दर वर्षी सुचवत, की आता तुमचं वय झालं, देशी चला, तिथं म्हातार्‍या पाद्र्यांसाठी घर आहे. दर वर्षी बाबा म्हणत, "आणखी एक वर्ष." साहेब येऊन गेले की बाई दोन दिवस भराभर कामं करत सुटायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तिकरं माजां कोन हाय रे? बर्फ नि थरगी. मानूस वलखीच्या लोकांत मरावा." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजां तरी तिकरं कोन हाय?" माझंही नगरला कुणी नव्हतं. आम्ही तिघंही तसे एकाच बोटीतले.

आता पालखीचं.

एका वर्षी अवेळी वादळ झालं आणि तांडेलाची होडी परत आली नाही. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा आमच्या गावचा दांडगा, मिशीवाला, सगळ्यांत मोठ्या होडीचा. होडीवर बरीच माणसं होती. त्यांच्या बायका किनार्‍यावर जाऊन बसल्या, समुद्राकडे तोंड करून. बाबा गेले आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर वाळूत बसले. छत्री उघडून. त्या दिवशी बसले, दुसर्‍या दिवशी बसले. एक शब्द बोलले नाहीत. मी पेज घेऊन गेलो तर त्यांनी ती बायकांकडे पाठवली. दुसर्‍या दिवशी संध्याकाळी मोडक्या डोलकाठीनं होडी आली. बाबा उठले, छत्री मिटली आणि घरी येऊन झोपले.

शिमग्याच्या आधी गावची बैठक बसली. ग्रामदेवीची पालखी शिमग्यात घरोघर जायची, पण मानाची घरं ठरलेली. तिथं पालखी थांबते, नाचते, यजमान तिची पूजा करतो. त्या बैठकीत बायकांनी तांडेलाला पुढं घातलं, आणि तांडेल आमच्या पडवीत आला.

"बाबा, औंदा पालखी तुज्या दारात थांबल."

बाबा गोंधळले. "हा मोठा सन्मान आहे. परंतु मी दुसर्‍या देवाचा सेवक आहे."

"ते म्हाईत हाय. बायकां बोलतात, दोन दिस बसला, पन आपले देवाचां एक अक्शर बोलला न्हाय. आमचे देवीला असा मानूस चालतंय."

"आणि मी नको म्हटले तर?"

तांडेलानं डोकं खाजवलं. "मान दिला तो परत घेवाचा कसा? घेतला न्हायस तं गाव तुज्या पायरीवर चरनार न्हाय. औसदाला पन."

तो गेल्यावर पडवीत जे भांडण झालं, त्याला कुंपणावर जागा उरली नव्हती.

"पालखी येवाची. बस," बाई म्हणाल्या.

"मी मूर्तीस कुंकू लावू शकत नाही. नारळ अर्पू शकत नाही. आपणास हे ठाऊक आहे."

"मंग लावू नको. पन दार लावून बसलास तं मी त्यांच्याबरूबर बाहेर उबी र्‍हानार."

"मुंबईस कळले तर आपणास परत जावे लागेल. याचा विचार आपण केला आहे काय?"

यावर बाई उठून आत गेल्या. कुंपणावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं, की या दोघांच्या जिवाला कसली धास्ती आहे.

दोन-तीन दिवस बाबांनी ओहोटीला शास्त्र वाचलं नाही, नुसत्या फेर्‍या मारल्या. मग मला घेऊन तांडेलाकडे गेले आणि विचारलं, "पालखी दारी आली असता यजमान प्रथम काय करतो?"

"पयलां? पयलां पालखी ज्यांच्या खांद्यावर हाय त्यांच्या पायावर पानी घालतंय. लांबून चालत येतात ना. मंग हलद-कुंकू, ओटी, नारल."

"पाणी," बाबा म्हणाले. "पाणी मला जमेल." आणि परत येताना घमेलं काखेतच राहिलं, इतके ते खुशीत होते.

पालखी आली ती दुपारी. ढोल, सनई, गुलाल, सगळा गाव. मी आत, खिडकीमागं. पुढच्या दांडीला तांडेल. बाई तांब्या घेऊन पायरीवर आल्या. रिवाज एवढाच, की पायावर चूळभर पाणी ओतायचं. पण बाबा आतून परात आणि टॉवेल घेऊन आले, कोट काढला, बाह्या सारल्या, आणि त्या सगळ्या गर्दीत तांडेलापुढं दोन्ही गुडघ्यांवर बसले. गुडघा कडकन वाजला तो मला खिडकीत ऐकू आला. त्यांनी तांडेलाचा पाय हातात घेतला.

तांडेल ओरडला, "आरं बाबा! काय करतंस? सोर! सोर माजा पाय!" त्यानं पाय झटकला. पालखी डगमगली. मागचे ओरडले, "आरं, देवी परल! दम धर!"

बाबा वर बघून म्हणाले, "आपण स्थिर उभे राहावे. आपल्या खांद्यावर देव आहे."

ढोल थांबला. मग त्यांनी त्याचे दोन्ही पाय परातीत धुतले, बोटांमधली वाळू काढली, टॉवेलनं पुसले, आणि गुडघ्यांवरच सरकत दुसर्‍याकडे गेले. मग तिसर्‍याकडे. बाई पाणी ओतत होत्या. तांडेलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात दांडीला असल्यानं त्याला ते पुसता येत नव्हतं. माझ्या लक्षात आलं बाबा काय करतायत ते. आमच्या शास्त्रात गुरूनं शिष्यांचे पाय धुतले, ते त्यांच्या मनात होतं. पूजा नाही, सेवा. त्यांना वाटलं, ही वाट सापडली; इकडचा मानही राखला, तिकडचा नियमही.

पण गावानं काय बघितलं? एक म्हातारी गुलालाचे हात जोडून म्हणाली, "पालखीपुरं असा गुरगं टेकलेला भगत जल्मात न्हाय बगला."

झालं. ते वाक्य होडीत बसून रेवसला गेलं आणि लाँचमधून मुंबईला.

मोठे साहेब त्या वर्षी लवकर आले. माणूस वाईट नव्हता. तरुण, घामाघूम झालेला, मराठी कच्ची. त्यांनी पडवीत मला उभं केलं. बाबा आणि बाई समोरच बसलेले.

"यांनी गुडघे टेकले?"

"हो, साहेब."

"कोणापुढे?"

"तांडेलापुढं."

"तांडेलच्या खांद्यावर काय होते?"

"पालखी, साहेब. पण त्यांनी कुंकू लावलं नाही. नारळ दिला नाही. हात जोडले नाहीत. पाय धुतले फक्त. सगळ्यांचे धुतले."

साहेबांनी मान हलवली. वाटलं, बरं उत्तर दिलं आपण. एवढ्यात बाबा म्हणाले, "आणखी एक सांगणे उचित होईल. मी म्हणालो, आपल्या खांद्यावर देव आहे. ते यांनी ऐकले नसेल, हे खिडकीत होते. आणि मी पालखीकडे पाहिलेही. फार सुरेख सजवली होती."

बाई उसळल्या. "तुला कुनी इचारलां का? गप र्‍हाव की मेल्या!"

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्या काय म्हणतात?" मी म्हटलं, "ऊन फार आहे म्हणतात."

साहेबांनी तोड काढली. मिशनमध्ये बोभाटा झाला आहे, काहीतरी करावंच लागेल. येत्या रविवारी, प्रार्थनेच्या खोलीत, सगळ्यांसमोर बाबांनी मराठीत एवढंच म्हणावं, की त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. मग विषय मिटला. मग मरेपर्यंत इथंच राहा, मी स्वतः पुन्हा बोलावणार नाही.

मरेपर्यंत! बाईंनी साहेबांना दुसर्‍यांदा आमटी वाढली.

"दोन सबूद बोल नि मोकला हो," त्या बाबांना म्हणाल्या. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "बोलतो. आपल्यासाठी बोलतो." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. शनिवारी ओहोटीला ते वाळूवर गेले. मी दुरून बघत होतो. तेच एक वाक्य घोकत होते बहुतेक, कारण हातात पुस्तक नव्हतं.

रविवारी आमची नेहमीची चार टाळकी आत बसली. मोठे साहेब पुढं. बाई पहिल्या बाकावर, धुतलेली साडी नेसून; त्या सणाला साडी नेसायच्या. मी दाराशी. आणि प्रार्थना सुरू होणार तोच तांडेल आला. बरोबर पालखीचे सगळे भोई. आत यायला तयार नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसले. तांडेल दारातून म्हणाला, "साहेब, मला बोलवाचा हाय."

साहेबांनी मान डोलावली.

"आमच्यामुलं बाबाला तरास झायला, असां कललां. तं सांगतंय. यानं पूजा न्हाय केली. आमी गुलाल लावला, तो पन त्यानं रुमालानं पुसला. नारल न्हाय, ओटी न्हाय. आमची बायकां दोन दिस रुसली व्हती, की एवरा मान दिला नि देवीला साधां कुंकू न्हाय? तवा त्याला सोर. तो तुमचाच हाय. आमचा झायला असता तं आमी लपवला नसता."

आतली माणसं हसली. साहेबांनाही कळलं असावं, तेही हसले. मी इतका मोकळा श्वास घेतला, की शेजारच्यानं वळून बघितलं. आता फक्त एक वाक्य राहिलं होतं.

बाबा उभे राहिले. "त्या दिवशी," ते म्हणाले, "माझ्याकडून..."

आणि थांबले. ते दाराबाहेर बघत होते. पायरीवर भोई बसले होते, पाय खाली सोडून. चिखलाचे, भेगाळलेले, मिठानं पांढरे पडलेले पाय. नेमके तेवढेच त्यांना तिथून दिसत असावेत. तोंडं भिंतीआड होती.

"...चूक झाली, असे म्हणण्यासाठी मी उभा राहिलो होतो," बाबा म्हणाले. "मी ते पाठही केले होते. परंतु ही माणसे येऊन बसली आहेत. माझी चूक झाली म्हणजे यांचे पाय धुतले ही चूक. ते यांच्यासमोर मला म्हणता येत नाही. आणि यांच्या पाठीमागे म्हणणे बरे नव्हे."

ते बसले. वर क्रूस किरकिरत होता. माझ्या मनात एकच आलं: म्हणा की, बाबा! दोन शब्द. आमच्यासाठी म्हणा. त्या पायांना काय फरक पडतो? मी देवाच्या खोलीत उभं राहून हे मनात म्हटलं.

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाहेर कुंपणावर बायका जमल्या होत्या. त्याही वाट बघत होत्या, आता मडमआय तोंड सोडणार. बाईंनी डोळे मिटले होते. उघडले. पदर सारखा केला. नवर्‍याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "माल्यावरच्या ट्रंका कार."

एवढंच. भांडण झालं नाही. कुंपणावरच्या बायका एकेक करून उठल्या आणि डोळ्यांना पदर लावून गेल्या.

पावसाआधीच्या लाँचनं ती दोघं गेली. निघायच्या आदल्या दिवशीही बाबांनी माझं पाणी भरलं. साहेबांनी माझ्यावर दया केली. बंगला विकेपर्यंत राखणीला मला ठेवलं. रेवसला धक्क्यावर बाबा मला म्हणाले, "आपण स्वतःची काळजी घ्यावी." माझ्या सदर्‍याचं वरचं बटण उघडं होतं, ते बाईंनी लावलं.

तिकडून एकदा खुशाली आली. पुढं नाही.

मी त्या रिकाम्या घरात राहिलो. खारट पाणी पीत होतो. शिमगा आला तसा मी धास्तावलो. मानाचं घर, आणि घरात मान घेणारं कुणी नाही. ढोल ऐकू आले तसं मी फाटक लावलं, आडणा घातला आणि पडवीच्या खांबामागं उभा राहिलो. पालखी पुढं जाईल, असं धरून चाललो होतो.

ढोल फाटकाशी थांबले.

"आरं, दार उघर!" तांडेलाचा आवाज.

मी बाहेर आलो. "बाबा नाहीत."

"म्हाईत हाय. मान घराला दिलाय. घरात कोन हाय?"

"मीच आहे."

"मंग पानी आन."

मी जागचा हललो नाही. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. एका म्हातार्‍यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "तांडेल, मी कोण ते गावाला माहीत आहे. आणि पाणी आमच्या विहिरीचं आहे, खारट आहे."

"समुद्रात काय गोरां पानी असतंय?" तांडेल म्हणाला. "लवकर कर. खांदा भरलाय माजा."

मी तांब्या भरून आणला. फाटक उघडलं. पायाला शिवू नये म्हणून मी तांब्या लांबून धरला, आणि पहिलं पाणी पायाच्या बाजूला, वाळूवरच पडलं. मी पुन्हा तांब्या वाकवला. या वेळी पाणी पायावर पडलं, घोट्यावरून खाली गेलं, आणि बोटांमधली वाळू सुटली.

तांडेलानं दांडी खांद्यावर नीट केली आणि दुसरा पाय पुढं ठेवला.